नागपूरची ज्योत्स्ना

१

"बाई, माहे पोस्टर कुठी गेले वो?"

गुरुवारी सकाळी, तोंडात ब्रश असताना, फोनवर पहिलं वाक्य हे. ना हॅलो, ना मी अमकी. पण आवाजावरूनच ओळख पटली. माईक बंद पडला तरी शेवटच्या रांगेतल्या माणसाला ऐकू जाईल असा आवाज वडशाच्या अन्नपूर्णाबाईंचाच.

"कोणते पोस्टर, बाई?"

"तू कम्प्युटरवर टाकले होते ना, नाटकाचे? काल अंगणवाडीच्या मॅडमनं मोबाइलवर खोलून पाह्यलं. हा तिचाच फोन हाय. दुसऱ्यायचे पोस्टर हायेत, माहे तेवढे नाई. सोमवारी गडचिरोलीले म्हाताऱ्या कलावंतायच्या मानधनाच्या समितीपुढं जाचं हाय मले. काय दाखवू आता, माहं तोंड?"

मी चूळ भरली आणि लॅपटॉप उघडला.

मी हर्षा. भद्रावतीत राहते आणि घरी बसून लोकांच्या वेबसाइट बनवते. माझ्या स्वतःच्या वेबसाइटवर 'आधी केलेली कामं' असं एक पान आहे. त्यात चंद्रपूरचं एक मंगल कार्यालय आहे, ज्याच्या मालकाला प्रत्येक पानावर फुलांचा पाऊस हवा होता आणि त्या पावसात त्याचाच फोन नंबर दिसत नाही. एटापल्लीच्या बचत गटाचा मध आहे. त्याचे फोटो पाठवायला लालसू नावाचा गडी रोज टेकडीवर चढून नेटवर्क शोधायचा. भद्रावतीचे एक क्लासेस आहेत, जे चार वर्षांपूर्वी बंद झाले, पण वेबसाइटवर अजून 'प्रवेश सुरू' आहेत. आणि वडशाचं 'पळसफूल नाट्यमंडळ' आहे. झाडीपट्टीतली जुनी कंपनी. दिवाळी ते होळी गावोगाव रात्रभर नाटकं करते. तिच्या जुन्या पोस्टरांचं दालन मी आठ वर्षांपूर्वी केलं होतं. खरं सांगायचं तर माझ्या सगळ्या कामांत मला तेच लाडकं आहे.

दालन उघडलं. चौदा पोस्टर होते. मग 'आधी केलेली कामं' मधलं मी तेव्हा काढून ठेवलेलं त्या पानाचं चित्र उघडलं. त्यात तेवीस होते. चित्र इतकं लहान की नाटकांची नावं कशीबशी लागतात, खालची कलावंतांची नावं म्हणजे नुसत्या मुंग्या.

नऊ गेले होते. आणि बॅकअप? विचारू नका. माझी जुनी हार्ड डिस्क मागच्या उन्हाळ्यात वीज पडून जळाली. सर्व्हरचा बॅकअप मी काटकसर म्हणून घेतलाच नव्हता. हे पाप माझं आहे आणि मी ते मान्य करते.

२

सर्व्हरवर कोण आलं, त्यानं काय केलं, याची नोंद राहते. ती काढली. मंगळवार, दुपारी तीन ते साडेतीनच्या दरम्यान, वडशाच्या ऑफिसातल्याच कॉम्प्युटरवरून. हे काही बाहेरच्या चोराचं काम नव्हतं. घरच्याच माणसानं केलं होतं.

एक गोष्ट मात्र खटकली. एक पोस्टर काढल्यावर दुसरं काढेपर्यंत मध्ये तीन-तीन, चार-चार मिनिटं गेली होती. रागानं पुसणारा माणूस अर्ध्या मिनिटात सगळं साफ करतो. हा माणूस दर वेळी कशासाठी तरी थांबत होता.

इतक्यात मंडळाचे मालक पत्रूभाऊ यांचा फोन. "हर्षाबाई, पासवर्ड तुह्यापाशी, वेबसाइट तुही. मंग पोस्टर खाल्ले कोणं? लोकं मले विचारून राह्यले. मी तं तुहंच नाव सांगतो."

म्हणजे झालंच की! उद्या वडसा, परवा सगळी झाडीपट्टी, आणि माझ्या 'आधी केलेली कामं' वर थुंकायला लोक मोकळे. शुक्रवारी पहाटेची एसटी धरून चंद्रपूर, तिथल्या चांदा फोर्ट स्टेशनवरून रेल्वे, आणि दहाच्या आत वडसा.

अन्नपूर्णाबाई स्टेशनमागच्या वस्तीत राहतात. सत्तरीची बाई, पाठ ताठ, केसात अबोलीचं फूल. त्यांनी आधी पाणी दिलं, मग पोहे, मग रागवायला सुरुवात केली.

"तीस वर्सं उभी राहिली मी स्टेजवर. माही पेटी पुरात गेली. त्यात सारं होतं, फोटो, पोस्टर, कात्रणं. तुह्या कम्प्युटरवर होतं तेवढंच उरलं होतं. आमच्या कंपनीचा व्हिलन श्रावण, त्यानं मागच्या साली अर्ज केला. कागद वापस आला. चैत्रात मेला बिचारा. सरकारच्या कागदावर तो कलावंत नव्हताच कधी. मले तसं मराचं नाई, हर्षा."

पोह्याची बशी बाजूला ठेवली. मी लॅपटॉप उघडला आणि गेलेल्या नाटकांची नावं एकेक करून वाचली. "'उंबरा ओलांडताना', 'मुकी शपथ', 'लेक निघाली वनवासा'..."

"हाव. हाव. त्यातही मीच."

"सगळे तुमचेच. म्हणजे कोणीतरी तुमचं नाव शोधून शोधून..."

"नाव?" बाई हसल्या. "माहं नाव एकाही पोस्टरवर नाई वो."

मी त्या चित्रातल्या मुंग्यांवर डोळे ताणले.

"वडशाच्या अन्नपूर्णेले पाह्याले कोण येईन? गावोगाव लोकायले नागपूरची हिरोईन पाह्यजे राहे. म्हून पत्रूभाऊनं नाव दिलं, 'कुमारी ज्योत्स्ना, नागपूर'. मी नागपूर पाह्यलं ते लग्नानंतर, आन तेही दवाखान्यासाठी."

"हे कोणाकोणाला माहीत होतं?"

"पत्रूभाऊले. इतवारी प्रॉम्प्टरले. बाकीचे गेले सारे. भाऊची ताकीद होती, भेद फोडायचा नाई. नाई फोडला आमी."

ज्यानं ते पोस्टर काढले, त्यानं 'ज्योत्स्ना, नागपूर' वाचलं होतं आणि ही अन्नपूर्णाच आहे हे त्याला ठाऊक होतं.

३

पळसफूलचं बुकिंग ऑफिस बाजाराच्या रस्त्यावर आहे. आता दसरा तोंडावर, बुकिंगचे दिवस. भिंतीवर गावांची नावं लिहिलेलं कॅलेंडर, आणि त्याच कॅलेंडरच्या कोपऱ्यात, लाल पेनानं, वेबसाइटचा पासवर्ड. मी कपाळावर हात मारला.

"लिहून नाई ठेवला तं आठवते कोणाले?" दुर्गा म्हणाली. दुर्गा म्हणजे पत्रूभाऊंची सून, ऑफिसचा कॉम्प्युटर तीच सांभाळते. तिला वेबसाइट नव्यानं करायची आहे, काळी आणि सोनेरी. जुने पोस्टर तिला अजिबात आवडत नाहीत. "त्या बाया पहा ना ताई, भुवया कशा काढल्या हायेत. पण मी नाई काढले. काढले असते तं सारेच काढले असते."

यात तथ्य होतं.

"मंगळवारी दुपारी इथं कोण होतं?"

"मी तीन वाजता पोराले शाळेतून आणाले गेली. ऑफिस तं खुलंच राह्यते. कलाकार येतात, जातात. कोणी संहिता टाइप करते, कोणी गाणे पाह्यते." मग ती एकदम चिडली. "आन हे पहा, प्रिंटर. सोमवारी नवी रंगीत शाई भरली, बुधवारी पाह्यतो तं खाली. कोणाच्या बारशाच्या पत्रिका छापल्या काय माहीत!"

आतल्या खोलीतून पत्रूभाऊंनी हाक मारली. ते खाटेवर बसले होते, डोळ्यांवर हा मोठा काळा चष्मा.

"ये हर्षाबाई. तोंड नाई दिसत तुहं, आवाजच ऐकतो. सोमवारी ब्रह्मपुरीले मोतीबिंदू काढला. आठ दिवस काही पाह्याचं नाई म्हणे डॉक्टर. ताटात भाजी हाय का गोटा हाय तेही समजत नाई."

"भाऊ, अन्नपूर्णाबाईंशी तुमचं भांडण होतं ना?"

"होतं ना! भर सीझनमधी दुसऱ्या कंपनीत गेली होती. सहा महिने बोललो नाई मी." त्यांनी चष्मा सावरला. "पण अर्जावर मालक म्हून सही म्याच केली. विचार तिले. तिच्यासारखी रडणारी हिरोईन मले पुन्हा नाई भेटली. ती रडली की पहिल्या रांगेतल्या बाया पदर लावत डोळ्याले."

"मग माझं नाव का सांगत फिरताय गावभर?"

"कोणाचं तरी सांगा लागते ना बाप्पा," भाऊ निर्लज्जपणे म्हणाले.

मी बाहेर आले. ज्योत्स्ना कोण हे भाऊंना ठाऊक होतं, पण मंगळवारी त्यांना पडद्यावर हत्ती दिसला नसता. तरी म्हटलं, दुसऱ्याला सांगून करवून घेतलं असेल तर?

४

तालमीची शेड ऑफिसच्या मागेच. तिथं सुनिल भेटला, कंपनीचा आत्ताचा हिरो. गोरापान, केस रंगवलेले, आणि बोलताना सतत अर्धा गाल प्रेक्षकांकडे.

"संशय माह्यावर येईन, मले माहीत हाय," त्यानं स्वतःच सुरुवात केली. "माही आईही कलावंत. तिचाही अर्ज हाय सोमवारी. लोकं म्हणतात, सुनिलनं आईसाठी अन्नपूर्णाबाईचा काटा काढला."

"आणि?"

"आन काय? माह्या आईचे पोस्टर घरी पेटीत हायेत, चांगले बारा. तिले कोणाचा काटा काढाची गरज नाई." त्यानं केसांवरून हात फिरवला. "मंगळवारी दुपारी मी सलूनमधी होतो. हे रंगवाले तीन तास लागतात, पाहिजे तं विचारा."

मी लॅपटॉपवरचं चित्र त्याच्यापुढं धरलं. "यातलं 'मुकी शपथ' आठवतं? हिरोईन कोण होती?"

"कसं नाई आठवत? लहानपणी पाह्यलं मी. नागपूरची ज्योत्स्ना." त्याचा चेहरा क्षणभर खरंच खुलला. "काय बाई होती! पुढं लग्न करून नागपूरलेच राह्यली म्हणतात. अन्नपूर्णाबाई वेगळी, ती नंतर आईच्या भूमिका करे."

मी त्याला काही सांगितलं नाही. ज्या बाईच्या पाया पडून तो स्टेजवर जातो, तीच त्याची नागपूरची ज्योत्स्ना, हे सांगायचा हक्क बाईंचा होता. पण सुनिल सुटला. अन्नपूर्णाबाईंचे पोस्टर काढायचे असते तर हे नऊ त्यानं हातात धरले नसते.

५

इतवारीबाबा शेडच्या टोकाला, लाकडी पेटीवर बसले होते. मांडीवर वही, कानावर पेन्सिल. बाबा म्हणजे कंपनीचे प्रॉम्प्टर. आमच्याकडे रोज नवं नाटक, रोज नवं गाव. कलावंताला पाठांतर कुठून होणार? स्टेजच्या पुढं एक खड्डा असतो. त्यात एक बल्ब आणि एक माणूस. तो रात्रभर प्रत्येकाचं प्रत्येक वाक्य, वाक्याआधी अर्धा क्षण, हळूच सांगतो. प्रेक्षकांना तो दिसत नाही, ऐकूही येत नाही. बाबांनी हे काम एकेचाळीस वर्षं केलं. त्यामुळे त्यांचं साधं बोलणंही इतकं हळू की वाकून ऐकावं लागतं.

"बाबा, मी हर्षा. ती वेबसाइट..."

"बनवणारी," त्यांनी हळूच पुरं केलं. "बसा."

पहाटेपासूनच्या प्रवासानं माझं डोकं चालेना. मी थकले की वाक्य अर्ध्यावर सोडते, जुनी खोड आहे.

"मंगळवारी तुम्ही इकडे होता का? म्हणजे तुमच्या त्या..."

"तालमीच्या आधी. हाव. दुसरा अंक टाइप कराचा होता. आता हातानं लिहिलेलं नव्या पोरायले लागत नाई, म्हून दुर्गानं शिकवलं मले."

"ऑफिसात कोणी कॉम्प्युटरवर बसलेलं दिसलं?"

"मले कोणी दिसलं नाई."

ते शांत होते. नजर खाली, वहीवर. मला उगीच वाईट वाटलं, या म्हाताऱ्या माणसाला काय विचारत बसले आहे मी!

"अन्नपूर्णाबाई फार खचल्या आहेत, बाबा. दालनातून त्यांचे गेले ते... एकूण..."

"नऊ."

"नऊ पोस्टर. ते मिळाले नाहीत तर सोमवारी त्या समितीपुढं..."

"उभ्या राहतीन," बाबा म्हणाले. "अन्नपूर्णा पडत नाई. मी पाह्यलं हाय तिले. ताप होता एकशे तीन, तरी पडली नाई." त्यांनी कानावरची पेन्सिल काढली, वहीत काहीतरी खूण केली. "सोमवारचं सोमवारी पाहू."

मी उठले. मला एवढंच जाणवलं की या माणसाला त्या बाईची काळजी आहे. मग तो तिचं नुकसान कशाला करेल? अर्जावर स्वतः सही करणारे भाऊ दुसऱ्याकडून हे करवून घेतील, असंही वाटेना. माझ्या यादीत आता एकही नाव उरलं नव्हतं.

६

ऑफिसात दुर्गानं चहा पुढं केला. "ताई, तसे किती पोस्टर गेले वो?"

मी तोंड उघडलं आणि थांबले.

तिला माहीत नव्हतं. कोणालाच माहीत नव्हतं. वेबसाइटवर आकडा कुठंच नव्हता. उरलेले चौदा कोणीही मोजेल, पण आधी तेवीस होते हे फक्त माझ्या त्या जुन्या चित्रात होतं. भाऊंनी विचारलं नाही, सुनिलनं विचारलं नाही, आणि मी आपणहून सांगितलं नाही. अन्नपूर्णाबाईंना मी नावं वाचून दाखवली खरी, पण त्या तेव्हापासून घरीच होत्या आणि फोन तर अंगणवाडीच्या मॅडमचा.

मग इतवारीबाबांनी नऊ कुठून आणले?

मी अडखळले आणि त्यांनी सांगितलं. एकेचाळीस वर्षांची सवय. समोरचा माणूस शब्दासाठी थांबला की तो शब्द ओठांवर येणारच, मग तो आपल्यालाच अडकवणारा का असेना.

चहा निवत होता आणि बाकीचं आपोआप जुळत गेलं. ज्योत्स्ना म्हणजे अन्नपूर्णा हे जाणणारे दोघंच, आणि त्यातल्या एकाला मंगळवारी दिसत नव्हतं. कॉम्प्युटर बाबांना येतो. त्यांना ऑफिसात कोणी दिसलं नाही, कारण खुर्चीवर तेच होते. खोटं ते बोललेच नव्हते. आणि मधली तीन-तीन मिनिटं? सोमवारी भरलेली शाई बुधवारी कशी संपली?

"दुर्गा," मी म्हटलं, "तुझा प्रिंटर एक रंगीत पान छापायला किती वेळ घेतो?"

"काय सांगू! तीन मिनटं तरी घेते."

मी धावतच शेडकडे गेले. बाबा तिथंच होते. मला बघून त्यांनी वही मिटली.

"बाबा, तुम्ही ते फेकले नाहीत. छापून घेतले, मग काढले."

त्यांनी मान हलवली. मग पेटीवरून उठले आणि पेटीचं झाकण उघडलं. आत कापडात गुंडाळलेल्या जाड वह्या होत्या, आणि वरती, प्लास्टिकच्या पिशवीत, नऊ छापील पानं. एकालाही घडी नव्हती.

"काऊन केलं असं?" माझा आवाज चढला. "बाई तिकडं रडून राहिल्यात, माझं नाव गावभर झालं!"

बाबांनी वह्यांवरचं कापड सोडलं. "श्रावणचा कागद वापस आला तवा दुर्गानं वाचून दाखवला. पोस्टरवरचं नाव वेगळं, गाव वेगळं, म्हून अर्जदार तो नव्हेच. तो कागद हातात धरून श्रावण रडला माह्यापाशी." त्यांनी एक वही उघडली. "यात मी दर खेळाले तारीख, गाव आन कोणं कोणती भूमिका केली ते लिहून ठेवतो. खरे नावं. नाई तं खड्ड्यातून हाक कोणाले मारणार? हे वह्या घेऊन मी सोमवारी जाणार होतो. पण वहीत अन्नपूर्णा, आन कम्प्युटरवर ज्योत्स्ना. दोघी आपसात भांडल्या असत्या. अन्नपूर्णा खोटी पडली असती. म्हून दुसरीले काढलं."

"बाईंना सांगायचं तरी!"

"प्रॉम्प्टर दिसला की नाटक पडते, बाई."

असं म्हटल्यावर रागवायचं तरी कसं? मी खाली बसले, एक छापील पोस्टर घेतलं आणि त्याच तारखेचं वहीतलं पान शोधलं. 'उंबरा ओलांडताना'. पोस्टरवर सात नावं, वहीत सात नावं. गाव तेच, तारीख तीच. सहा नावं अक्षरशः तीच. फक्त ज्योत्स्नाच्या जागी अन्नपूर्णा. दुसरं पोस्टर, दुसरं पान. पुन्हा तेच. नऊच्या नऊ वेळा. यांतल्या एकाही खेळात श्रावण नव्हता.

"बाबा, या भांडत नाहीत. पोस्टर एकटं असतं तर ती बाई नागपूरची. वही एकटी असती तर म्हणाले असते, घरी बसून लिहिली. दोन्ही शेजारी ठेवा. सहा माणसं तीच आणि सातवीचं तेवढं नाव बदलतं, नऊ वेळा? म्हणजे बाई एकच!"

बाबांनी दोन्ही कागद डोळ्यांजवळ नेले. आयुष्यभर दुसऱ्याला पुढचं वाक्य सांगणाऱ्या त्या माणसाला या वेळी पुढचं कळलं नव्हतं. मग ते पेटीवर शेजारी शेजारी मांडले. "म्हणजे म्याच तिले..."

"अजून सोमवार यायचा आहे," मी म्हटलं.

७

सोमवारी आम्ही तिघं एसटीनं गडचिरोलीला गेलो. अन्नपूर्णाबाई इतवारीबाबांशी आरमोरीपर्यंत एक अक्षर बोलल्या नाहीत. आरमोरीला त्यांनी डब्यातली अर्धी भाकर मोडून त्यांच्या हातात ठेवली. "मेल्या, विचारलं असतं तं काय झालं असतं?" बाबांनी भाकर खाल्ली. भांडण तिथं संपलं.

समितीत तीन माणसं होती. मधले साहेब नीटस, सावकाश वाचणारे. त्यांनी नऊ पोस्टर आणि नऊ पानं शेजारी मांडली, बोटानं एकेक नाव जुळवलं. वेळ लागला, पण त्यांनी कंटाळा केला नाही.

"पटतं," ते शेवटी म्हणाले. "तरी एक विचारतो, बाई. रागावू नका. यातलं काही आठवतं का तुम्हाला?"

बाई उभ्या राहिल्या, पदर खोचला. "'उंबरा ओलांडताना', तिसरा अंक," असं सांगून त्यांनी खिडकीकडे तोंड केलं. खोली एकदम लहान वाटायला लागली.

"ज्या घरात माझ्या शब्दाला जागा नाही, त्या घरात..."

आणि त्या अडल्या. तोंड उघडं, डोळे समोर, शब्द नाही.

"माझ्या पावलांना," दारापाशी कोणीतरी हळूच म्हणालं.

"त्या घरात माझ्या पावलांना कशाला अडवता, मामंजी! हा उंबरा मी आले तेव्हा तुमचा होता. जाताना तो माझा आहे!"

बाहेरच्या बाकावरची माणसं उठून दारात आली. शिपाई चहाचा ट्रे घेऊन तसाच उभा. बाई रडत होत्या, आणि ते रडणं नाटकातलं होतं की आत्ताचं, हे मला आजही सांगता येणार नाही.

साहेबांनी अर्जावर लिहिलं, सही केली, शिक्का मारला. मग वही उलटीसुलटी करून पाहिली. "ही वही कोणी लिहिली? कुठंच नाव नाही. पोस्टरवरही नाही. साक्षीदार म्हणून मला नाव लागेल."

मी मागं वळले. इतवारीबाबा दाराआड सरकले होते, अंधाऱ्या कोपऱ्यात, जमिनीकडे बघत.

अन्नपूर्णाबाईंनी त्यांचा हात धरला आणि ओढत टेबलापुढं, उजेडात आणलं.

"लिहा साहेब," त्या म्हणाल्या, आणि तो आवाज खालच्या रस्त्यापर्यंत गेला असेल. "इतवारी झिंगर गेडाम. प्रॉम्प्टर. पळसफूल नाट्यमंडळ, वडसा. एकेचाळीस वर्सं. आमच्यापैकी कोणी कधी पडलं नाई, ते याच्यामुळं!"

साहेब लिहू लागले. इतवारीबाबांचे ओठ सवयीनं हलत होते, पण या वेळी बाईंना काही सांगावं लागलं नाही.